दोन वाजताची कूस

१

उजव्या खुब्यावर नाण्याएवढा लाल डाग होता. मोठ्या सिस्टरनी त्यावर बोट दाबलं, उचललं आणि क्षणभर थांबल्या. दाबलेली जागा पांढरी पडायला हवी होती. ती लालच राहिली.

"दोन वाजता यांना कोणत्या कुशीवर ठेवलंस?"

"डाव्या," नवी म्हणाली. "खिडकीकडे तोंड करून. तक्त्यावर टीप आहे माझी."

टीप होतीच. खाटेच्या पायथ्याला लटकवलेल्या तक्त्यावर दोनच्या रकान्यात 'डावी' असं लिहून खाली तिची सही होती, अक्षर शाळेतल्या फळ्यावरच्यासारखं स्वच्छ. आणि त्याच तक्त्यामागे, चार वाजता, सात नंबरच्या खोलीतले कथेकरीबाबा खिडकीकडे पाठ करून उजव्या कुशीवर निवांत पडले होते.

ज्याला स्वतःहून हलता येत नाही, त्याची दर दोन तासांनी कूस बदलायची, हा वृद्धांच्या त्या शुश्रूषागृहातला पहिला धडा. माणूस एकाच अंगावर पडून राहिला की कातडी आधी लाल होते, मग फाटते आणि मग महिनोन् महिने भरत नाही. बाबांना बाराला उजवीकडे ठेवलं होतं. म्हणजे बारा ते चार, चार तास सगळा भार एकाच खुब्यावर. चारची फेरी एरवी दुसरंच कोणी घेई, आणि आजवर कूस तक्त्याशी ताडून कोणी पाहिली नव्हती.

नवी तिथे लागून तीन आठवडे उलटून गेले होते. वय छत्तीस. चार वर्षं सासूबाईंचं अंथरुणातलं सगळं केलं. त्या गेल्यावर नवरा म्हणाला, हात बसलाय तुझा, आता रीतसर शिकून घे. सहा महिन्यांचा कोर्स केला आणि ही पहिली नोकरी. महिनाभर पारखून मग कायम करायचं, असा तिथला नियम. तोवर तिला नावाने कोणी हाक मारत नव्हतं. नवी, इकडे ये. नवी, चादर धर.

मोठ्या सिस्टर ओरडणाऱ्यातल्या नव्हत्या, आणि तेच अवघड होतं. त्यांनी चष्मा काढून पुसला. काम राहून गेलं तर मी समजू शकते, त्या म्हणाल्या. बारा खोल्या आहेत, दोन हात आहेत. पण न केलेल्या कामावर सही झाली, तर उद्या औषधाच्या कागदावर तरी कोणाचा भरवसा ठेवायचा?

"मी वळवलं होतं, सिस्टर."

"मग परत कोणी वळवलं? हे तर बोटही उचलत नाहीत."

डाग जाईपर्यंत उजवी कूस पूर्ण बंद, असा त्यांनी तक्ता बदलला. बाराला पाठ, दोनला डावी. नवीचा महिना शनिवारी भरत होता. शनिवारी अकराला तक्ता घेऊन इथेच ये, एवढं सांगून त्या निघाल्या. दारातून मागे वळून म्हणाल्या, "उत्तर घेऊन ये. नाही मिळालं तर तसं सांग. बनवून मात्र आणू नकोस."

२

आता सात नंबरची खोली नीट पाहून घ्यावी, कारण जे काही घडलं ते तिच्या चार भिंतींच्या आतच घडलं.

दोन खाटा. खिडकीजवळ कथेकरीबाबांची, दाराजवळ हसऱ्या काकांची. मधे एक वेताची खुर्ची. खिडकी आणि बाबांची खाट यांच्यामध्ये एक जाडजूड लोखंडी कपाट, कोणी कधी हलवलं नाही असं.

कथेकरीबाबांनी पन्नास वर्षं देवाच्या कथा गात-गात सांगितल्या होत्या. पेटी नाही, तबला नाही, एका आवाजावर हजार माणसं बसवायची. देवाची करणी अशी, की तोच आवाज घशाच्या ऑपरेशनात गेला. मग पाय गेले, मग हात लेखणी धरीनासे झाले. दाखल होतानाच्या कागदावर कोणीतरी 'बोलत नाहीत' असं लिहिलं आणि तिथून पुढे सगळ्यांनी तेच धरलं. त्यांचे ओठ मात्र दिवसभर हलायचे. नामस्मरण चाललंय, असं सगळे म्हणायचे आणि जाता-जाता हात जोडायचे.

हसरे काका म्हणजे अख्ख्या मजल्याचे लाडके. काहीही सांगा, हसणार. औषध द्या, हसणार. टीव्ही पाहायचे तो आवाज पूर्ण बंद करून. शेजाऱ्याला त्रास नको, म्हणायचे. लेकीचा फोन आला तर घ्यायचेच नाहीत. "फोनवर काय बोलायचं? ये म्हणावं समोर." आणि लेक बिचारी दर रविवारी दोन तासांचा प्रवास करून यायची.

नवीने पहिली चौकशी त्यांच्याकडेच केली, सोमवारी, तिथल्या तिथे. तिला सर्दी झाली होती म्हणून तोंडावर मास्क होता. तिने विचारलं, काका, बाबांना मघाशी कोणी हलवलं का? काका प्रसन्न हसले. "हो हो," म्हणाले. "छान आहे, छान आहे."

तिने कपाळाला हात लावला. साक्षीदार मिळाला तोही असा.

मंगळवारी ती टपून बसायचं ठरवून आली, तर भलतंच झालं. बाहेरच्या भिंतीला रंग लावणाऱ्यांनी खिडकीवर ताडपत्री सोडली होती. दोन ते चार ही सगळ्यांच्या विश्रांतीची वेळ, मजल्यावरचे दिवे बंद ठेवायचा दंडकच होता. खोलीत ऐन दुपारी तिन्हीसांजा झाल्या. तिने बाबांना डावीकडे वळवलं, पाठीशी लांब उशी लावली, उशीची नाडी खाटेच्या कठड्याच्या नाडीला सुरगाठीने बांधली. चार वाजता दार उघडलं.

बाबा डाव्या कुशीवर होते. तसेच. सुरगाठही तशीच.

तिला हायसं वाटायला हवं होतं. पण घरी भाकऱ्या थापताना तिच्या मनात आलं, हे तर अधिकच वाईट. आता सगळे म्हणणार, पाहा, बोलणी खाल्ली तेव्हा कुठे काम झालं.

३

बुधवारी ताडपत्री निघाली आणि चार वाजता बाबा पुन्हा उजव्या कुशीवर.

खोलीत तिच्याखेरीज जागं कोणी नव्हतं. काका भिंतीकडे तोंड करून घोरत होते. बाबांना झटकन पाठीवर घेतलं असतं तर कोणाला कळलंही नसतं. तिने त्यांना पाठीवर घेतलं, खुबा पाहिला, तेल लावलं. मग तक्ता काढून चारच्या रकान्यात लिहिलं: 'उजव्या कुशीवर आढळले. मी ठेवले नव्हते.' आणि सही केली. आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा, पण सिस्टरनी बनवलेलं नको म्हटलं होतं.

तेव्हाच तिचं लक्ष नाडीकडे गेलं. तिची सुरगाठ सुटली होती. तिच्या जागी दुसरीच गाठ, बारीक, चपटी, दोन्ही टोकं एकमेकांत अडकवलेली. ओढली तर आवळायची, दुमडून ढकलली तर अलगद सुटायची. इतकी नेटकी गाठ तिने आयुष्यात पाहिली नव्हती. ज्याने कोणी बाबांना वळवलं, त्याने मागे उशी लावली होती, गुडघ्यांमध्ये छोटी उशी ठेवली होती, वर पांघरूणही घातलं होतं. वैऱ्याचं काम असं नसतं, तिला वाटलं. मग कोणाचं?

तीन माणसं डोळ्यांसमोर आली.

पहिल्या मावशी. वीस वर्षं त्याच मजल्यावर काम केलेल्या, जिभेने तिखट. त्यांची भाची नोकरी शोधत होती हे सगळ्यांना ठाऊक होतं. नवीने चहा पिता-पिता विषय काढला तर मावशी बशी खाली ठेवून म्हणाल्या, सरळ विचार की, मी केलं का म्हणून. नव्याचे नऊ दिवस तुझे केव्हाच संपले. आणि तुला घालवायचं असतं तर मी म्हाताऱ्याचं अंग कशाला खराब करीन? तुझ्या चपला लपवल्या असत्या. मग जरा नरमून त्यांनी नाडी बांधून दाखवली. जाडजूड निरगाठ, नख मोडेल पण सुटायची नाही.

दुसरे व्यायामाचे मास्तर. सोमवार आणि बुधवार ते बाबांचे हातपाय हलवायला येत, आणि कूस उलटलेली सापडली तेही हेच दोन दिवस. ते सकाळी अकरालाच परत जातात, असं वहीत दिसलं. गाठीचं विचारलं तर त्यांनी आपले पट्टे दाखवले, चिकटणारे, चर्रकन उघडणारे. गाठ मारायची विद्या आमच्याकडे नाही हो बाई, म्हणाले.

तिसऱ्या बाबांच्या बहीण, अक्का. वय ऐंशीच्या वर, रोज दुपारी तीनला येणार, वेताच्या खुर्चीत बसणार, बाबांचा हात हातात घेऊन तासभर गप्प राहणार. खुर्ची होती काकांच्या बाजूला. भावाचं तोंड आपल्याकडे असावं म्हणून अक्काच वळवत असतील का? विचारल्यावर त्या उलट आश्चर्यात पडल्या. मला वाटायचं तुम्हीच माझ्यासाठी याला इकडे वळवून ठेवता, त्या म्हणाल्या, मी तर रोज तुम्हाला दुवा देते. काल मात्र पाठ होती, तर मी पाठीवरून हात फिरवून गेले. आणि त्यांनी आपली बोटं पुढे केली. संधिवाताने आल्याच्या तुकड्यासारखी वेडीवाकडी झालेली. त्या बोटांनी त्यांना पर्सची चेनही उघडत नव्हती.

शिवाय जाताना अक्का जे म्हणाल्या, ते नवीच्या मनात घर करून राहिलं. "तू येण्याआधी हे होत नव्हतं गं. मागच्या महिन्यापर्यंत दुपारी त्याचं तोंड इकडेच ठेवायचं, असं तक्त्यावरच असायचं. काही कुरकूर नव्हती."

मागच्या महिन्यापर्यंत? तिने कपाटातून जुना तक्ता काढला. खरंच, आधी दोनच्या रकान्यात 'उजवी' होतं. 'डावी' आली ती एक तारखेपासून. एक तारखेला या खोलीत दोन नव्या गोष्टी आल्या होत्या. एक ती आणि दुसरा हा तक्ता. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. तक्त्याकडे कोणी पाहिलंच नव्हतं.

४

गुरुवारी तिने चारपर्यंत वाट पाहिली नाही. दोनला बाबांना डावीकडे वळवलं. मावशींना हाताशी घेऊन मजल्याच्या दुसऱ्या टोकाला चादरींच्या घड्या घातल्या आणि बरोबर अडीचला सात नंबरचं दार उघडलं.

बाबा उजव्या कुशीवर. काकांची खाट रिकामी, न्हाणीत पाणी वाजत होतं.

तिने त्यांना पुन्हा डावीकडे केलं आणि बोटांवर हिशोब लावला. अक्का तीनला येतात, म्हणजे अक्का नाहीत. मास्तर गुरुवारी येतच नाहीत, म्हणजे मास्तर नाहीत. मावशी या अर्ध्या तासात तिच्या नजरेपुढून हलल्या नव्हत्या. जिन्याजवळ टेबल मांडून बसलेला पहारेकरी म्हणाला, दोननंतर वर कोणी चढलं नाही.

मावशींनी ऐकलं आणि घडी घातलेली चादर छातीशी धरून म्हणाल्या, "मग वळवलं कोणी? देवाने?"

"देव वळवील," नवी म्हणाली, "पण नाडी कशाला बांधील?"

मावशी हसल्या. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच.

संध्याकाळी जाण्यापूर्वी ती काकांना चष्मा द्यायला गेली. आंघोळीनंतर तो न्हाणीतच राहिला होता. चष्म्याला मानेत अडकवायची दोरी होती, मधे कधीतरी तुटून जोडलेली. दोरी तिच्या बोटांतून सरकली आणि जोडावर येऊन थांबली.

बारीक, चपटी, दोन्ही टोकं एकमेकांत अडकवलेली गाठ.

काका पाठमोरे खिडकीत उभे होते. तिने हाक मारली. "काका." मग जरा मोठ्याने. मग औषधाची रिकामी स्टीलची वाटी लादीवर सोडून दिली. ती ठणाणत खाटेखाली गेली. पलीकडच्या खोलीतून कोणीतरी काय पडलं म्हणून ओरडलं. काकांच्या पाठीवर साधी सुरकुतीही हलली नाही.

ती वळसा घालून त्यांच्या समोर गेली आणि चष्मा त्यांना घातला. आज सर्दी नव्हती, मास्क नव्हता. काका लगेच हसले. तिने सहज विचारावं तसं विचारलं, काका, नोकरी कुठे केलीत तुम्ही? आवाज न काढता. फक्त ओठ हलवून.

"कापडाच्या कारखान्यात," काका झटक्यात म्हणाले. "बेचाळीस वर्षं मागावर."

५

आता ऐकणाऱ्यांनी जरा सावरून बसावं, कारण शुक्रवारी दुपारी नवीने जे पाहिलं ते फार थोड्यांच्या नशिबी येतं.

दोन वाजता तिने रोजच्यासारखं बाबांना डावीकडे वळवलं, नाडी बांधली, दार चार बोटं उघडं ठेवलं आणि बाहेर चादरींच्या गाडीआड उभी राहिली. दोन मिनिटं गेली. काका उठले. पडदा बाजूला सारून ऊन आत घेतलं. दोन बोटांत गाठ सोडवली. मग बाबांच्या अंगाखालची आडवी चादर दोन्ही मुठींत धरून, कापडाचा तागा ओढतात तशी सावकाश, एकसारखी आपल्याकडे ओढली. बाबांचं हलकं अंग चादरीबरोबर वळलं. उशी. नाडी. गाठ. गुडघ्यांमध्ये छोटी उशी. मग काकांनी चष्मा चढवला, खुर्ची पुढे ओढली आणि हात जोडून बसले.

बाबांचे ओठ हलू लागले.

ते नामस्मरण नव्हतं. भुवया चढत होत्या, डोळे मोठे होत होते, कुठे ओठ नुसतेच थरथरून थांबत होते. काका पुढे वाकून पाहत होते. एका जागी ते खुदकन हसले. एका जागी त्यांनी डोळे पुसले. त्यांचा उजवा हात मांडीवर ताल धरत होता. खोलीत चिटपाखराचाही आवाज नव्हता आणि तिथे कथा अशी रंगली होती, की नवीला दारातून पाय उचलवेना.

पण उजव्या खुब्याची आठवण झाली आणि ती आत गेली. काकांना ती दिसली तेव्हा त्यांचं हसू पहिल्यांदाच मावळलं.

तिने आधी बाबांना डावीकडे घेतलं. मग काकांसमोर उकिडवी बसली आणि सावकाश, ओठ स्पष्ट हलवून, खुब्यावरच्या डागाचं सांगितलं. काकांचा चेहरा पडला. त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. डागाची चर्चा सगळ्यांनी त्यांच्या पाठीमागे केली होती आणि त्यांच्या पाठीमागे जग नव्हतंच.

मागांच्या धडधडाटात कोणाचं कोणाला ऐकू येत नसे, त्यांनी सांगितलं. चारशे माग एकदम चालायचे. आम्ही सगळे ओठांवरूनच बोलायचो. कान तिथेच गेले, हळूहळू. इथे आल्यावर पहिल्याच दिवशी दिसलं, हा बाबा बोलतोय आणि कोणी ऐकत नाही. दोन ते तीन, अक्का येईपर्यंत, आम्ही बसायचो. एक तारखेपासून त्याची पाठ माझ्याकडे झाली. कथा अर्ध्यावर राहिली होती.

"सांगितलं का नाही कोणाला?"

काकांनी खालच्या मजल्याकडे बोट केलं. मग म्हणाले, "बहिऱ्यांना खालच्या मजल्यावर नेतात. आग लागली तर घंटा ऐकू यायला हवी, म्हणून. मी खाली गेलो तर याचं कोण ऐकणार?"

त्यांनी हात जोडले. सांगू नकोस, असं ते म्हणाले नाहीत, पण हात तेच म्हणत होते. आणि दुसऱ्या दिवशी अकराला तिला तक्ता घेऊन उभं राहायचं होतं.

"काका, मला खोटं लिहिता येत नाही," ती म्हणाली. "पण खरं कुठे आणि कसं सांगायचं, ते माझ्या हातात आहे. उद्या तुम्ही फक्त चष्मा घालून बसा."

६

शनिवारी अकराला सात नंबरमध्ये मोठ्या सिस्टर, मावशी आणि अक्का. अक्कांना नवीने आदल्या संध्याकाळी फोन करून लवकर बोलावून घेतलं होतं. बाबा पाठीवर, डोकं उशीने जरा उंच केलेलं. काका त्यांच्या शेजारी खुर्चीत, हात मांडीवर घट्ट.

नवीने सांगायला सुरुवात केली. एक तारखेला तक्ता बदलला, तिथून हे सुरू झालं. गुरुवारी अडीचच्या आत झालं, म्हणजे बाहेरचं कोणी नाही. गाठ ही तुटलेला धागा जोडायची, मागावरची, आणि ती काकांच्या चष्म्याच्या दोरीवर आहे. मंगळवारी ताडपत्री होती, दिवे बंद होते, त्या दिवशी कोणी हात लावला नाही. म्हणजे जो वळवत होता त्याला उजेड हवा होता. कशाला? पाहायला. काय पाहायला? इथे ती थांबली आणि बाकीचं एकामागून एक सांगत गेली, मुका टीव्ही, न घेतलेला फोन, मास्क घालून विचारलेला प्रश्न, लादीवर पडलेली वाटी.

मोठ्या सिस्टरनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी जे विचारलं ते कोणीही विचारलं असतं. काका तुझी बाजू घेणार, त्या म्हणाल्या, चूक त्यांचीच आहे म्हटल्यावर. बाबा खरंच बोलतात आणि काकांना खरंच कळतं, याला पुरावा काय?

"पुरावा मी नाही देणार," नवी म्हणाली. "अक्का, बाबांना असं काहीतरी विचारा, जे तुम्हा दोघांशिवाय आज कोणालाच ठाऊक नाही."

अक्का भावाच्या चेहऱ्याजवळ वाकल्या. मग अगदी हळू विचारलं, "आईचा आरसा कोणी फोडला?"

बाबांचे ओठ हलले. काका पुढे वाकले. आणि मग काकांना जे हसू आलं ते रोजचं नव्हतं, पोटातून आलेलं होतं.

"म्हणतात, अक्काने फोडला. मार मी खाल्ला." ते पुन्हा ओठांकडे पाहत थांबले. "म्हणतात, सत्तर वर्षं झाली, आता तरी कबूल कर."

अक्कांनी पदर तोंडाला लावला. त्या हसत होत्या की रडत होत्या, त्यांचं त्यांनाही कळत नसावं. "मीच फोडला," त्या सिस्टरना म्हणाल्या, जणू तक्त्यावर तसं लिहून घ्यायचं होतं. "मीच. आणि हा चार वर्षं इथे पडलाय, मी रोज येते, आणि मला वाटत होतं हा देवाचं नाव घेतोय."

"ते म्हणतात, देवाचंच घेत होतो," काका म्हणाले. "पण मधे मधे तुला चहा घेऊन जा म्हणून सांगत होतो."

मावशी भिंतीकडे वळून उगाचच पडदा नीट करू लागल्या. मोठ्या सिस्टर खाटेजवळ आल्या. चार वर्षांत पहिल्यांदा त्यांनी बाबांना काही विचारलं आणि उत्तरासाठी थांबल्या. ही मुलगी तुम्हाला दोन वाजता वळवत होती का?

बाबा बोलले. काकांनी एकेक शब्द उचलून पुढे ठेवला.

"रोज वळवायची. आधी हात चोळून गरम करायची. बाकी कोणी करत नाही." काका थांबले. "मावशींनी रागावू नये, म्हणतात."

"रागावते कशाला," मावशी पडद्याला म्हणाल्या. "उद्यापासून मीही चोळीन."

म्हणजे साक्षीदार पहिल्या दिवसापासून खोलीतच होता. ज्याच्या अंगावर सगळं घडलं तो. त्याला विचारायचं कोणाला सुचलं नव्हतं, आणि नवीला वाटलं, त्यात आपणही आलो.

मोठ्या सिस्टरनी चष्मा पुसला. काकांना त्यांनी समोर बसून खडसावलं, दुसऱ्याच्या अंगाला न विचारता हात लावायचा नाही. काका खाली मान घालून बसले, तर त्यांनी बोटाने हनुवटी वर केली, नाहीतर पुढचं दिसलं नसतं. खालच्या मजल्यावर पाठवत नाही, त्या म्हणाल्या. आगीची सूचना द्यायला लाल दिवा मिळतो, तो बसवून घेऊ. राहता राहिला तक्ता. कूस बदलायची ती बदलायचीच, त्यात सूट नाही.

"मग कथा कशी ऐकायची?" काका म्हणाले.

नवी खिडकीशी गेली आणि लोखंडी कपाटाला खांदा लावला. मावशींनी दुसरा लावला. कपाट किंचाळत कोपऱ्यात गेलं आणि खिडकी आणि खाट यांच्यामध्ये वेताची खुर्ची मावेल एवढी जागा झाली. बाबांचं तोंड खिडकीकडे झालं तर काका खिडकीत. थोडं ऊन काकांच्या पाठीवर आणि बाकी सगळं बाबांच्या ओठांवर.

"माणूस फिरवायच्या आधी," मावशी कंबर धरून म्हणाल्या, "खुर्ची फिरवायची अक्कल एकालाही आली नाही."

मोठ्या सिस्टरनी बाबांचा कागद काढला. 'बोलत नाहीत' हे खोडलं आणि वर लिहिलं, 'बोलतात. समोर बसून पाहावे.' मग दुसऱ्या कागदावर सही करून तो नवीच्या हातात दिला आणि तिला तिच्या नावाने हाक मारली.

डाग आठवड्याभरात मावळला आणि उजवी कूस पुन्हा सुरू झाली. दुपारी सात नंबरमध्ये आता गर्दी असते. चाकांच्या दोन खुर्च्या, एक काठी, अक्का, हात मोकळे असतील तर मावशीही. बाबा सांगतात, काका त्यांच्या जाड्याभरड्या आवाजात मागोमाग बोलतात. सूर काकांना नाही, पण ताल पक्का आहे.

परवा दोनला ती हात चोळत आत आली, चादरीला हात घातला, तर काकांनी पंजा वर केला.

"थांब," ते म्हणाले. "देव दारात उभा आहे आणि म्हातारीला दिसत नाहीये."

ती थांबली. म्हातारीने वर पाहिलं, देव आत आला, सगळ्यांनी श्वास सोडला. मग तिने बाबांना अलगद वळवलं, काकांची खुर्ची खिडकीत नेली, उशी बांधली, काकांनी शिकवलेल्या गाठीने. आणि तक्त्यावर स्वच्छ अक्षरात लिहिलं: 'डावी. दोन वाजून चार मिनिटे. उशिराचे कारण: कथा.' खाली सही केली.